आईच्या साड्यांची गोधडी: कुणाकडून शिवून घ्यावी, कुणाकडून नको

घरची कर्ती बाई गेल्यावर दिवसकार्य उरकतं, पाहुणे पांगतात आणि मग कधीतरी तिचं कपाट उघडावं लागतं. दागिने कुणाला द्यायचे ते बहुधा तिनंच सांगून ठेवलेलं असतं. साड्यांचं तसं नसतं. दोन-चार भारीतल्या लेकीसुना घेतात आणि रोजच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्यांचं गाठोडं बोहारणीकडे किंवा एखाद्या संस्थेकडे जातं. पण तिचं सगळं आयुष्य त्या रोजच्या साड्यांतच गेलेलं असतं. चूल, पाळणा, दवाखाना, सणवार, मुलांच्या परीक्षा, नातवंडांची दुखणी, सगळं त्याच पदरानं पाहिलेलं. म्हणून त्यांची गोधडी करावी. आईची म्हणून जपून ठेवण्यासारखी आणि तरी रोज अंगावर घेता येईल अशी याहून चांगली वस्तू आम्हाला माहीत नाही.

अशा गोधड्या शिवून देणाऱ्यांच्या सध्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, घरी बसून हातानं शिवणाऱ्या बायका आणि त्यांचे बचत गट. सातारा-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतील, पुण्या-नाशकाकडे गोधडी, काम तेच. दुसरी, शहरातली शिलाईची दुकानं, जिथं मशिनवर टीप मारून दोन-तीन दिवसांत गोधडी हातात देतात. तिसरी, ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या कार्यशाळा: साड्या कुरिअरनं पाठवायच्या, नमुना फोनवर निवडायचा, दीड-दोन महिन्यांनी खोका घरी येतो. आमचा कौल असा आहे. सुती साड्यांसाठी हातशिलाईला तोड नाही. रेशमासाठी कार्यशाळा चालेल, तीही नीट चौकशी करून. नुसती मशिनची टीप मारून देणाऱ्या दुकानात मात्र आईची जुनी साडी देऊ नये. कारणं पुढं येतीलच.

शिवणारी जाणकार आहे की नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. साड्या समोर ठेवल्यावर ती काय विचारते तेवढं ऐका. ‘सिंगल की डबल?’ एवढंच विचारून गाठोडं उचलून बाजूला ठेवलं, तर तिथून साड्या परत घ्याव्यात. जाणकार बाई एकेका साडीची घडी उलगडते, उजेडाकडे धरते आणि विचारते: ही रोजची होती का? हिची घडी मोडली होती का? हिच्यात जपून ठेवायचं असं काही आहे का? या तिन्ही प्रश्नांना कामातलीच कारणं आहेत.

घडीचं आधी बघू. आईच्या कपाटात घडी न मोडलेली साडी हमखास सापडते. विहिणीनं मानाची दिलेली, भावानं भाऊबिजेला आणलेली, ‘पुढं कधीतरी नेसेन’ म्हणून खाली ठेवलेली. अशी कोरी साडी आणि वीस वर्षं धुतलेली साडी एका गोधडीत शेजारी आल्या, की पहिल्याच धुण्यात कोरीचा रंग जुनीवर उतरतो. लाल आणि गडद निळा हे सगळ्यात दगाबाज. सुती साडीची परीक्षा सोपी आहे. आतल्या टोकाचा वीतभर भाग ओला करायचा, वर पांढरा सुती रुमाल ठेवायचा आणि गरम इस्त्री दाबून धरायची. रुमालावर रंग उठला तर ती साडी वेगळी धुवायची, रुमाल कोरा राहीपर्यंत. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवून रंग पक्का करून देतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; तयार कापडाचा सुटणारा रंग त्यानं बसत नाही. चार-पाच धुण्यांनंतरही रंग येत असेल तर ती साडी गोधडीत घालायची नाही, तिचा एक तुकडा चौकटीत लावावा.

आता रोजच्या साड्या. नऊवारी बसण्याच्या जागी आणि कासोट्याच्या ताणाखाली आधी विरते. जुन्या बायका अशा लुगड्याला दंड घालत: विरलेला भाग कापून काढायचा आणि चांगली टोकं एकमेकांना जोडून घ्यायची. साडीत मधेच आडवी शिवण सापडली तर तो दंड समजावा, आणि तो उसवू देऊ नये. एका लुगड्यात आणखी दोन वर्षं कशी काढली ते त्या शिवणीत दिसतं. पाचवारी विरते ती खाली टाचेपाशी, जिथं फॉल लावलेला असतो, आणि डाव्या खांद्यावर, जिथं रोज पिन लागायची. उजेडात धरून धागे सुटे दिसले किंवा बोटांनी हलकं ताणल्यावर कापड करकरलं, तर तो भाग वरच्या थराला चालत नाही. तो पोटात जातो, दोन धड थरांच्या मधे. हे न बघता मिळेल ते कापड वर घेतलं, की वर्षभरात गोधडीला खिडक्या पडू लागतात आणि मग दोष जुन्या कापडाला दिला जातो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. साडीवर तिच्या हातचं काय काय असतं ते एकदा नीट बघा. पदराच्या टोकाला हळदीचा पिवळट ठसा, कारण तिनं हात पुसले ते तिथंच. कमरेला खोचायच्या जागी किल्ल्यांच्या जुडग्यानं घासून पातळ झालेलं कापड. पदराच्या एका कोपऱ्याला सुरकुत्यांचं बारीक जाळं, कितीदा धुतलं तरी न गेलेलं. सुट्टे पैसे बांधायची गाठ तिथं बसायची. आणि कुठंतरी रफू, मूळ रंगाचा दोरा मिळाला नाही म्हणून जवळच्या रंगानं केलेलं, पण इतकं बारीक की साडी पालथी केल्याशिवाय लक्षात येत नाही. हे तुकडे दर्शनी थरात, उशाकडच्या बाजूला बसवायला सांगा, म्हणजे गोधडी ओढून घेताना हात त्यावरच पडतो. ‘डाग काढून देऊ का’ असं विचारलं तर नको म्हणावं. ब्लीचनं डाग जातो आणि त्याबरोबर सुताचा जोरही जातो. पिनेच्या गंजाचं वेगळं आहे, तो कापड खात राहतो. त्या ठिपक्यामागे मलमलचा रुपयाएवढा तुकडा लावून घ्यावा.

कात्री लागण्याआधी प्रत्येक साडीची नोंद झाली पाहिजे. काही बचत गट आणि कार्यशाळा यासाठी छापील तक्ता देतात, ही फार चांगली पद्धत आहे; मिळाला नाही तर वहीचं पान पुरे. साडीला कापडाची चिठ्ठी टाचून नंबर द्यायचा आणि त्या नंबरापुढं लिहायचं: ‘लिंबू रंग, बारीक चौकडी, नारायणपेठ. धाकट्याच्या मुंजीत माहेरून आलेली.’ किंवा नुसतं: ‘गुरुवारची.’ एवढंही पुरतं. ही माहिती एकट्या मुलीकडं नसते. मावशीला विचारा, आत्याला विचारा, आईच्या शेजारणीला विचारा. आणि वडील असतील तर त्यांना आधी विचारा. त्यांना साड्यांतलं काय कळतं असं धरून चालू नका; पहिल्या पगारातून घेतलेलं पातळ कोणतं, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असतं. नोंद करताना साडीचा संपूर्ण उलगडलेला एक फोटो, काठाचा एक आणि पदराचा एक, असे तीन काढून ठेवा. चांगली शिवणारी हाच नंबर गोधडीच्या मागच्या बाजूला, त्या त्या तुकड्यापाशी, दोऱ्यानं बारीक भरून देते. मग वीस वर्षांनी नात विचारेल तेव्हा उत्तर गोधडीतच असतं.

कापड कसलं आहे याची खात्री नसेल तर काठापासून एक धागा ओढून काडेपेटीनं जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो. मधल्या काळात घरोघरी नायलॉन-टेरिकॉटच्या साड्या आल्या, धुवायला सोप्या, इस्त्री नको, नोकरी करणाऱ्या बाईला सोयीच्या. एका पिढीच्या आयांची तरणी वर्षं त्याच साड्यांत गेली, त्यामुळं त्या वगळून चालत नाही. पण त्यांचा अख्खा थर घालू नये. थर घसरतो, अंगाला घाम येतो आणि गरम इस्त्री लागली की कापड आकसतं. वरच्या बाजूला चार-सहा चौकोन, खाली सुती आधार, इतकंच ठीक. शेवटच्या आजारपणातले गाऊन सुती असतील तर पोटातल्या थराला उत्तम. होजिअरीचे असतील तर ताणले जातात आणि बाकीचे थर ओढून घेतात, म्हणून नकोत.

किती साड्यांची किती मोठी गोधडी होते, हा हिशेब शिवणाऱ्याकडून करून घ्या आणि स्वतःही पडताळा, कारण घोळ इथंच होतो. १ वार म्हणजे ३ फूट. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर, पन्हा ४५ ते ४८ इंच. तिचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरच्या वर जातो. दोन तुकडे काठाला काठ जोडले की साधारण साडेसात फूट बाय पावणेसात फुटांचा एक थर होतो. म्हणजे एका नऊवारीत डबल गोधडीचे २ थर. पाचवारी नावाला पाच वार, भरते मात्र साधारण साडेपाच मीटर. तिचे सव्वादोन मीटरचे दोन तुकडे जोडून १ थर होतो आणि वर मीटरभर पदर उरतो, तो दर्शनी भागाला येतो. तेव्हा दोन नऊवारी आणि एक पाचवारी एवढ्यात पाच थरांची डबल गोधडी निघते, वजन दोन किलोच्या आसपास. आमच्या मते पाच थर हे योग्य माप आहे. तीन थरांत ऊब कमी आणि विरलेल्या कापडाला आधार मिळत नाही. सात थरांतून सुई सरळ जात नाही, टाके मागच्या बाजूला तिरके येतात आणि शिवणारीची बोटं जायबंदी होतात.

इथं एक चूक फार वेळा दिसते. प्रत्येक थराच्या मध्यावर जोड असतो; सगळे जोड एकावर एक आले तर गोधडीच्या मधोमध दोरखंडासारखी उंच रेघ येते आणि झोपताना टोचते. प्रत्येक थराचा जोड वीतभर सरकवून घ्यावा, हे शिवणाऱ्याला आधीच सांगा. दुसरी चूक अस्तराची. खालच्या बाजूला नवीन कापड लावायचं असेल तर ते आधी धुऊन, वाळवूनच लावलं पाहिजे. आईच्या साड्या शेकडो वेळा धुतलेल्या, त्यांचं आटणं कधीच संपलेलं असतं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळी गोधडी गोळा करून आणतं. शक्यतो नवं अस्तर लावूच नये, तिचीच एक फिकी साडी खाली घालावी. अंगाला लागणारी बाजू तीच असते.

आता शिलाई. सगळ्यात आधी साड्यांची खळ काढायची: रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी दोन पाण्यांतून काढायच्या. खळ राहिली तर तिच्या वासावर कसर येते. मग झाडून पुसून घेतलेल्या जमिनीवर थर अंथरायचे, हातानं मधून कडेकडे सुरकुती काढत न्यायची आणि वीतवीतभर अंतरावर कच्चे टाके घालायचे. पक्का धावदोरा कोपऱ्यापासून सुरू होतो आणि कडेकडेनं फिरत फिरत मध्यापर्यंत येतो. कच्चे टाके नीट नसतील तर प्रत्येक फेरीला थोडी थोडी सुरकुती आत ढकलली जाते आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो मग दोन चुण्या घालून दाबतात. तयार गोधडी घेताना आधी मध्यावर हात फिरवा, तिथं चुण्या लागल्या तर काम घाईत झालेलं आहे. दोरा सुतीच हवा, मेणावरून ओढून घेतलेला. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो आणि तोच त्याचा दोष: ताण आला की दोरा तुटत नाही, साडी कापली जाते. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो.

ओळींमधलं अंतर एक इंच, म्हणजे बोटभराहून थोडं जास्त, एवढं असावं. पाच फूट बाय साडेसात फुटांच्या सिंगल गोधडीत एक इंचाच्या अंतरानं ६० ओळी, प्रत्येकी ९० इंच, म्हणजे १३७ मीटर शिवण होते. इंचाला ४ टाके धरले तरी २१,६०० टाके. घरकाम सांभाळून एका बाईला याला महिना लागू शकतो. मजुरी ठरवताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवा आणि घासाघीस करू नका. आणि हातशिलाईच्या नावाखाली तीन दिवसांत गोधडी मिळाली तर ती पालथी करून बघा. मशिनच्या टिपेची रेघ दोन्ही बाजूंनी सलग असते. धावदोऱ्यात एक टाका, एक मोकळी जागा, असं आलटून पालटून दिसतं.

मशिनला आमचा विरोध का, तेही सांगायला हवं. नव्या कापडाला मशिन काहीच वाईट नाही. पण वीस-तीस वर्षं धुतलेल्या वायलवर इंचाला आठ-दहा टाक्यांची टीप मारली, तर जाड सुईच्या भोकांची रांग तयार होते, आणि तिकिटाचं अर्धुक फाटावं तसं कापड त्या रांगेवर फाटतं. शिवाय दुकानदार गोधडी भरीव दिसावी म्हणून आत पॉलिस्टरची गादी घालतात. फोटोत ती फुगीर, गुबगुबीत दिसते खरी. पण मग आईची साडी वरच्या खोळीपुरतीच उरते आणि आत दुसरंच काहीतरी असतं. ती रजई झाली. गोधडी म्हणजे थरावर थर तिचंच कापड. ऑर्डर देताना ‘आत काहीही भरायचं नाही’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्या.

रेशमी साड्यांचं प्रकरण वेगळं. पैठणी कापू नये, कितीही विरली असली तरी. तिच्या पदरावरची नक्षी एकेक रंगाचा धागा हातानं फिरवून विणलेली असते. कात्री लागली की कडेचे धागे सुटत जातात. ती मलमलमध्ये गुंडाळून, नळीवर सैल गुंडाळून ठेवावी आणि घरातल्या पुढच्या लग्नात खांद्यावर टाकावी. बाकीचं जुनं रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिल्यानं त्या रेषांवर चिरतं. कार्यशाळांपैकी ज्या मागून मलमल लावून ती हातानं टाचतात, त्यांच्याकडेच रेशीम द्यावं. काही ठिकाणी गरम इस्त्रीनं चिकटणारं फ्युजिंग लावतात; रेशीम कडक होतं आणि धुतल्यावर बुडबुडे येतात. जरीचा काठ उशाकडे लावायचा नाही, गालाला टोचतो आणि काळी पडलेली जर कापडावर उतरते. तो पायाकडच्या बाजूला. आणि एक व्यवहाराची गोष्ट: जुन्या साड्यांत खरी जर म्हणजे चांदीची तार असते, तिला मोल येतं. कापून उरलेले काठ मोजून परत मागा.

इरकल मात्र गोधडीसाठी जणू विणलेली आहे. अंग सुती, काठ भक्कम, आणि लाल टोपपदरावरचे पांढरे पट्टे दर्शनी थरात फार खुलतात. अंग आणि पदर यांचा जोड मागावरच फासात फास घालून केलेला असतो; कापताना त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड सोडायला सांगा, नाहीतर तो जोड उकलतो. लाल पदराची रुमालाची परीक्षा विसरू नये. काठ फाडून त्याचा गोट गोधडीला चारी बाजूंनी लावला तर कडा वर्षानुवर्षं टिकतात. सगळ्यात आधी झिजतात त्या कडाच.

कुरिअरनं साड्या पाठवणार असाल तर सगळ्या एका खोक्यात घालू नका. दोन खेपा करा. पहिली पोचल्याची नंबरवार यादी हाती आल्यावर दुसरी. पाठवण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर साड्यांचं वजन करून लिहून ठेवा, आणि गोधडी आल्यावर गोधडी अधिक उरलेले तुकडे असं पुन्हा करा. खळ गेल्यामुळं थोडी घट येते, दोरा-अस्तरामुळं थोडी वाढ. पण अर्ध्या किलोचा फरक पडला तर एखादी साडी राहिली आहे किंवा आत दुसरं काही भरलं आहे. हिशेब मागण्यात संकोच वाटू देऊ नका. ही साडी दुकानात पुन्हा मिळणारी नाही.

भावंडं तीन-चार असतील तर एक मोठी गोधडी करून ‘ज्याला हवी त्यानं न्या’ असं करू नये; ती एका घरी जाते आणि बाकीचे मनातल्या मनात हळहळतात. प्रत्येक साडी लांबीत समान कापायला सांगावी, म्हणजे प्रत्येक गोधडीत प्रत्येक साडीचं अंग आणि काठ दोन्ही येतात. मजुरी वाढते, पण मागाहून कुरबूर होत नाही. पदर एकच असतो; तो कुणाच्या गोधडीत जाईल हे कात्री लावण्याआधी सगळ्यांनी बसून ठरवावं. उरलेल्या मऊ कापडाची अडीच-तीन फुटांची चौघडी करून ठेवा, चारच थर, बारीक टाके, गाठी सगळ्या आत. पुढं घरात बारसं होईल तेव्हा पणजीच्या मायेचं पांघरूण तयार असेल.

काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे ठेवत नाहीत, देऊन टाकतात. तिथल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलावं आणि त्यांचं मन नसेल तर हट्ट धरू नये. ती गेली तेव्हा अंगावर होती ती साडी तर सगळ्यांना विचारल्याशिवाय गाठोड्यात घालूच नये. आणि एका गोष्टीची मनाची तयारी हवी: साड्या धुतल्यावर त्यांचा वास जातो. कपाटातला तो वास, थोडा कापराचा, थोडा तिच्या पावडरीचा, गोधडीत राहत नाही. न धुता शिवताही येत नाही, घामानं आणि खळीनं कापड कुजतं. म्हणून एक साडी न धुता, पांढऱ्या सुती कापडात बांधून, वेगळ्या डब्यात ठेवावी. ती गोधडीसाठी द्यायची नाही. चांगली शिवणारी हे आपण होऊन सांगते. आमच्या लेखी या एका सूचनेवरून त्या बाईला काम डोळे झाकून द्यावं.

वर्षश्राद्धाला गोधडी हवी असेल तर चार महिने आधी ऑर्डर द्या. गावाकडच्या बायका गोधड्या शिवतात त्या सुगी झाल्यावर, पावसाच्या आत, चैत्र-वैशाखात. पावसाळ्यात धुतलेल्या साड्या नीट वाळत नाहीत, आणि दमट थर शिवले गेले तर आतून काळे ठिपके पडतात जे कशानं जात नाहीत.

गोधडी हातात आली की उजेडात उलगडा. मध्यावर फुगा नाही ना, चारी कोपरे दुहेरी शिवलेत ना, मागचे नंबर नोंदीशी जुळतात ना, एवढं बघा. मागच्या कोपऱ्यात तिचं नाव भरून घ्या, माहेरचंही घ्या. ते सहसा कुठंच लिहिलेलं राहत नाही. धुवायची वर्षातून एक-दोनदा, थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात, न चोळता. ओली गोधडी दुपटीहून जड होते. एका कडेनं उचलली तर टाके तुटतात, म्हणून दोघांनी चार टोकं धरून उचलायची आणि दोन दोऱ्यांवर आडवी, सावलीत वाळत घालायची. पिळायची नाही. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती उशीच्या खोळीत ठेवा, आणि डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका. दर सहा महिन्यांनी बाहेर काढून घडीची रेघ बदला: एकदा तीन पदरी, एकदा चार पदरी.